पाहण्याजोगं गाव, राहण्याजोगं गाव

प्रवासी : काका, रोंडा पाहून आल्यापासून मनात एक हिशेब चालू आहे आणि तो काही केल्या जुळत नाही. रोंडा म्हणजे दक्षिण स्पेनच्या डोंगरातलं एक छोटं गाव. ग्वादालेवीन नदीने तिथला खडक असा चिरत नेलाय की गावाचे दोन भाग झालेत आणि मधे सुमारे १०० मीटर खोल दरी आहे. त्या दरीवर त्यांनी १७५१ ते १७९३ अशी ४२ वर्षं खपून दगडी पूल उभा केला. पूल, दरी, पांढऱ्या भिंतींचे बोळ, एक जुनं बैलझुंजीचं मैदान, एवढ्यासाठी जगभरातून माणसं येतात आणि मुक्काम करतात. आता आपल्याकडे बघा. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, वत्सगुल्म. कारंजा म्हणजे लाडांची व्यापारी पेठ. १६७० मध्ये महाराजांच्या फौजेला सुरतेनंतर लुटीसाठी कारंजा दिसलं, यावरूनच त्या गावाची श्रीमंती कळते. वेशी आहेत, वाडे आहेत, जैन मंदिरं आहेत, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आहे. तरी समृद्धी महामार्गावरून नागपूर-मुंबई जाणारा माणूस कारंजाची पाटी वाचतो आणि पुढे निघून जातो. त्यांच्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, अशी एकच गोष्ट मला दिसते. त्यांना आपलं गाव दाखवण्यासारखं वाटतं, आपल्याला वाटत नाही.

रहिवासी : तुझी कळकळ कळते. पण आधी जमिनीची गोष्ट बोलू. रोंडाला दरी आहे, ती डोळ्यांत भरते, तिच्यासाठी कोणाला इतिहास सांगावा लागत नाही. आपला वाशिम जिल्हा जुन्या वऱ्हाडच्या हिशेबात बाळाघाटातला. अकोल्याकडून येताना पातूर सोडलं की मेडशीच्या बाजूला रस्ता चढतो, आणि चढून आलं की पुढे सगळं पठार. इथल्या नद्या लहान वयातच घर सोडतात. काटेपूर्णा वाशिम तालुक्यात उगम पावते, उत्तरेला पूर्णेला मिळते आणि तिचं पाणी तापीतून अरबी समुद्रात जातं. पैनगंगा दक्षिणेच्या सीमेवरून जाते, तिचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. एकाच जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण ती नकाशावर कळते, उभं राहून दिसत नाही. पैनगंगेला सहस्रकुंडाचा धबधबा मिळतो तो आपली हद्द सोडून पुढे गेल्यावर.

इतिहासाचंही तसंच. वत्सगुल्माची एकतरी भिंत मला दाखव. जे उरलं आहे ते तांब्याच्या पत्र्यांवर. १९३९ मध्ये वाशिमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला, त्याच्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षातला. राजाची वंशावळ संस्कृतात, आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. आज आपण लग्नपत्रिकेत देवाचं नाव संस्कृतात घालतो आणि पत्ता मराठीत लिहितो, तसंच ते. मला तो ताम्रपट कुठल्याही पुलाएवढा भव्य वाटतो. पण तो वाचावा लागतो. हातात कॅमेरा घेऊन दोन तासांसाठी उतरलेल्या माणसाला तू त्यातलं काय दाखवणार?

प्रवासी : अजिंठा दाखवीन. तुम्ही दरीचं म्हणालात ना? वाकाटकांची दरी आहेच, फक्त ती आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येते. वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखी वळवलेली ती दरी आणि तिच्या कड्यात खोदलेली लेणी. १६ क्रमांकाचं लेणं वराहदेवाने करवून घेतलं. हा वराहदेव वत्सगुल्माच्या हरिषेण राजाचा मंत्री, आणि तसा शिलालेख त्या लेण्याच्या भिंतीवर आहे. पाचव्या शतकातलं आपलं वैभव आपण तिथे नेऊन ठेवलं. अजिंठ्याला जगभरातले पाहुणे येतात. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली, ही कथा त्यांना प्रत्येक जण सांगतो. ज्या राजाच्या काळात ती घडली त्याची राजधानी कुठे होती, हे किती जण सांगतात? तिथे आलेल्यांतल्या शंभरातल्या एकालाही इकडे यावंसं वाटलं तरी पुष्कळ.

आणि 'वाचावं लागतं' ही अडचण मला खरी वाटत नाही. रोंडासुद्धा कोणीतरी आधी वाचून दाखवलं. रिल्के तिथे १९१२-१३ च्या हिवाळ्यात राहिला, ही गोष्ट ते अजून सांगतात. एका कवीचा एक हिवाळा! आपल्याकडे राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न कुठे लावलं? विदर्भातल्या वत्सगुल्मात. साहित्याचं लग्न ज्या गावात लागलं ते आपलं वाशिम, आणि बसस्थानकावर उतरणाऱ्या माणसाला हे सांगणारी एक ओळ गावात कुठे सापडत नाही. यासाठी दरी लागत नाही. कोणीतरी मनावर घ्यावं लागतं.

कारंजाला तर सांगायचीही गरज नाही. तिथे पाहायला आहे. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. ज्या गावाकडे रस्ता जातो त्याचं नाव वेशीला. गावाचा सगळा व्यापार त्या चार नावांत आला. काष्ठासंघाच्या जैन मंदिरातलं लाकडी कोरीवकाम बघताना मला सुताराचे हात दिसतात. आणि वाडे! ढेलजेतून आत जावं, डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत क्षणभर थांबावं, मग चौकातलं ऊन अंगावर यावं. सागवानी खांब, खांबाच्या डोक्यावर कोरलेली कणसं, वर कडीपाट. कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका तुम्हीच मला सांगितली होती : उंटांवर लादून आणलेली कस्तुरी कोणी घेईना, तेव्हा इथल्या सावकाराने ती विकत घेऊन घराच्या चुन्यात कालवली. खरं असो नसो, असली गोष्ट ज्या गावाला सुचते ते गाव दाखवण्याजोगं नाही, असं कसं म्हणू?

रहिवासी : वाड्याचं म्हणतेस तर वाड्याचंच बोलू, कारण मी त्यात राहतो. तू कडीपाट खालून पाहिलास. मी तो वरून पाहतो. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर. त्या थरावर दर उन्हाळ्याच्या शेवटी खारी माती आणून पसरावी लागते, पाणी मारून चोपावी लागते, पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात. एक साल चुकलं की पहिल्या मोठ्या पावसात एका कोपऱ्यात ओल दिसते. दुसऱ्या साली फळी मऊ होते, आणि तिसऱ्या साली तुळईचं टोक, जे भिंतीत गाडलेलं असतं आणि दिसत नाही, ते आतून कुजतं. बाहेरून खांबावरची कणसं तशीच सुंदर असतात. हे काम करणारी माणसं गावात फार थोडी उरलीत, आणि त्यांची मुलं ते शिकलेली नाहीत. खारी माती बैलगाडीने यायची, आता ट्रॅक्टरला सांगावं लागतं, आणि ट्रॅक्टरवाल्याला सोयाबीनच्या पेरणीआधी वेळ नसतो.

घराच्या कागदावर हिस्सेदारांची लांबलचक यादी. कोणी पुण्याला, कोणी नागपूरला, कोणी अमेरिकेत. दुरुस्तीचे पैसे मागितले की सगळे म्हणतात, विकून टाकू. विकायला काढलं की सगळ्यांना आजोबा आठवतात. याच गडबडीत जुने खांब, दरवाजे, गणेशपट्ट्या घेणारे व्यापारी दारावर येतात. तुझ्यासारख्यांना आवडलेली दारं आज कुठल्या कुठल्या हॉटेलांच्या दिवाणखान्यात उभी आहेत. तेव्हा वाडा सुंदर आहे, हे मला कोणी सांगायला नको. ज्याला माती टाकायची नाही त्याला तो लवकर सुंदर दिसतो, एवढंच माझं म्हणणं.

आता तुझ्या युरोपाकडे ये. इटलीच्या दक्षिणेला मातेरा आहे, तेही नदीच्या घळीच्या काठावरचं गाव. घळीच्या उतारात कोरलेली घरं, त्यात माणसं आणि जनावरं एकत्र राहायची. कार्लो लेव्हीने १९४५ च्या पुस्तकात त्या दारिद्र्याचं वर्णन केलं, तेव्हा देशाला त्याची लाज वाटली. १९५२ मध्ये कायदा करून हजारो माणसांना तिथून उठवलं आणि नव्या वसाहतीत नेलं. घरं बहुतेक सरकारी मालकीची झाली. १९८६ च्या कायद्याने ती दुरुस्तीसाठी भाडेपट्ट्याने देता येऊ लागली, १९९३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली, २०१९ मध्ये तर मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरली. ज्या खोलीत गाढव बांधायचे ती आज मुक्कामाची महागडी खोली आहे. त्या खोलीत ज्याचा जन्म झाला तो डोंगरावरच्या सिमेंटच्या घरातून हे सगळं पाहतो. लाजेच्या वेळी घर त्याचं होतं, अभिमानाच्या वेळी दुसऱ्याचं झालं. कारंजात असं होणार नाही, याची हमी कोण देईल?

प्रवासी : मातेराचं दुःख खरं आहे. पण क्रम नीट बघा. माणसांना उठवलं ते पर्यटकांनी नाही. दारिद्र्याने आणि सरकारने उठवलं. पाहुणे आले ते तीस-चाळीस वर्षांनी, रिकाम्या घरांत. लोक नेहमी दाखला देतात ते इटलीतलंच चिविता दि बान्योरेज्जो घ्या. ठिसूळ टेकडीवरचं ते गाव १६९५ च्या भूकंपापासून ढासळत आलं, माणसं निघून गेली, आज वर्षभर राहणारी मोजकी डोकी उरलीत. जायला एक लांब पादचारी पूल, आणि २०१३ पासून गावात शिरायला तिकीट. तिकीट लागतं म्हणजे गाव मेलं, असं आपण म्हणतो. गाव आधीच मेलं होतं, तिकिटामुळे निदान त्याचा कडा सावरण्यापुरता पैसा येतो. पाहुण्यावर आपण जो दोष घालतो तो बहुतेक वेळा त्याच्या आधीच घडलेला असतो.

आणि पाहुणा नसताना कारंजात काय चाललंय? तुम्हीच आत्ता सांगितलंत. तुळया कुजताहेत, दारं विकली जाताहेत, वाड्याच्या जागी स्लॅबचं तीन मजली दुकान उभं राहतंय. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हा सगळे म्हणाले, आता जग इकडे येईल. मला उलटंच दिसतं, मुलं लवकर बाहेर पडतात. त्यांना धरून ठेवणारं काम इथे नाही. आपला जिल्हा देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, हे काही भूषण नाही. अनास्थेने काही वाचत नाही काका. गावाकडे कोणी बघत नाही म्हणून गाव शाबूत राहील, हा भ्रम आहे.

इटलीतच दुसरी एक वाट निघाली. १९७६ च्या फ्रिउलीच्या भूकंपानंतर रिकाम्या झालेल्या खेड्यांचं काय करायचं, या विचारातून विखुरलेल्या हॉटेलाची कल्पना आली. नवी इमारत बांधायची नाही. गावातल्या पाच घरांतल्या पाच खोल्या, एका ठिकाणी नोंदणी, जेवण गावातल्याच खाणावळीत. पाहुणा सकाळी दार उघडतो ते थेट बोळात. आपल्याकडे पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारीची योजना आहेच, कोकणात लोकांनी तिचा उपयोग केला. कारंजाच्या वाड्यातली एक ओसरी, एक माडी, घरच्या भाकरी-ठेच्यासकट दोन दिवस भाड्याने दिली तर त्या पैशातून तुमची खारी माती येईल. नृसिंह सरस्वतींच्या गुरुमंदिरात वर्षभर भक्तांची रीघ असते. ते दर्शन घेतात, प्रसाद घेतात, गाडीत बसतात. त्यातले थोडे जरी मागच्या गल्लीत वळले तरी पुरे.

रहिवासी : हे तू बरोबर ठिकाणी आलीस. भक्त. आपल्याकडे गाव बघायला येण्याची रीत नव्हती असं कोण म्हणेल? वाशिममध्ये १०८ तीर्थं सांगितली आहेत. पद्मतीर्थ त्यातलं मोठं. क्षेत्राला आलेला माणूस एका कुंडावरून दुसऱ्या कुंडावर जायचा, स्नान करायचा, तिथली कथा ऐकायचा, धर्मशाळेत उतरायचा. पायी चालून गाव समजून घेण्याची याहून चांगली पद्धत रोंडाच्या नगरपालिकेला सापडलेली नाही. आणि त्या माणसाचं गावाशी देणंघेणं होतं. जवळ पैसा असेल तर तो घाटाच्या चार पायऱ्या बांधून जायचा. बालाजीचं देऊळ आणि त्याच्या शेजारचा तलाव भवानी काळूने बांधला, भोसल्यांच्या चाकरीत वर चढलेला माणूस. त्याने वाशिम नुसतं पाहिलं नाही, गावाला पाणी दिलं. तुझा प्रवासी पैसे देतो हे खरं, पण दिले की तो मोकळा होतो. भक्त मोकळा होत नाही, तो पुढच्या वर्षी परत येतो, मुलांना घेऊन येतो.

तेव्हा जे आहे तेच नीट करावं. कुंडांचे झरे आणि पाट बुजलेत, काही ठिकाणी सांडपाणी शिरतं. ती मोकळी केली, १०८ पैकी जेवढी सापडतील तेवढी जोडणारी वाट पुन्हा आखली, तर गावालाच फिरायला जागा होईल. बाहेरचा आला तर आला. पोहरादेवीला बघ. बंजारा समाज आपल्या श्रद्धेने तिथे वर्षानुवर्षं येत होता, कोणाला दाखवायला नव्हे. ५ ऑक्टोबर २०२४ ला नंगारा संग्रहालयाचं उद्घाटन झालं ते त्या येण्याच्या पायावर.

प्रवासी : भक्ताचं नातं तुम्ही सांगता तितकं निर्मळ असतं तर मी इथेच थांबले असते. पण दोन गोष्टी विसरून चालणार नाही. कुंडाचं पाणी सगळ्यांसाठी नव्हतं. पायरी बांधणाऱ्याचं नाव आपण सांगतो, त्या पायरीवर ज्यांना उभं राहू दिलं नाही त्यांचं नाव कुठल्याच माहात्म्यात नाही. तिकीट काढून आत जाणाऱ्याला कोणी जात विचारत नाही. पैशाचा संबंध कोरडा असतो हे मान्य, पण त्या कोरडेपणात एक मोकळीकही आहे. आपल्या मुलखात ती सगळ्यांच्या वाट्याला फार उशिरा आली.

दुसरं, आपल्याच जिल्ह्यातलं शिरपूर. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं इतकं जुनं, इतकं अद्भुत ठिकाण. दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही पंथांची त्या मूर्तीवर निस्सीम भक्ती, आणि त्या भक्तीपायीच वाद इतका वाढला की १९८१ पासून मूळ मंदिराला कुलूप. चार दशकं! सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये ते उघडलं. एक अख्खी पिढी दर्शनाशिवाय म्हातारी झाली. देव माझा आहे असं म्हणणाऱ्या दोघांमध्ये ते घडलं. जो फक्त बघायला येतो त्याचा त्या मूर्तीवर दावा नसतो, म्हणून त्याला दोघांचीही श्रद्धा आदराने बघता येते. बाहेरच्या माणसाचं हे मोल तुम्ही मोजतच नाही.

आणि कारंजाचंच सांगते. सेनगण, बलात्कारगण, काष्ठासंघ, तिन्ही मंदिरांतली हस्तलिखितं शतकानुशतकं कापडात बांधून ठेवलेली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये छापली गेली तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं की इथे काय दडलंय. मग अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे हिरालाल जैन आले, प. ल. वैद्य आले. पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये, 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये छापलं गेलं. दहाव्या शतकातला अपभ्रंशातला एवढा मोठा कवी, मराठी-हिंदीच्या मुळाशी जाणाऱ्या भाषेतला, आणि तो लोकांच्या हाती आला कारंजाच्या पोथ्यांमुळे. गावकऱ्यांनी पोथी जपली, पण उघडून वाचली ती बाहेरून आलेल्याने. बाहेरचा आला नसता तर?

रहिवासी : कुंडाबद्दल तू बोललीस त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि असू नये. ते तसंच होतं. पुन्हा वाट आखायची तर ती सर्वांसाठी आखावी लागेल, आणि ज्यांना अडवलं त्यांची आठवणही त्या वाटेवर सांगावी लागेल. शिरपूरचंही खरं.

पण पोथ्यांच्या दाखल्यात तूच माझी बाजू मांडलीस, बघ. कोणी बघायला येत नसताना त्या पोथ्या कशा टिकल्या? वाळवी, ओल, फंदफितुरी, दुष्काळ, सगळ्यातून. दरवर्षी ऊन दाखवायचं, कापड बदलायचं, पुन्हा बांधून ठेवायचं. ज्यांना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं त्यांनीही हे केलं, कारण ते आपलं आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं. वाचणारा आला तो एवढा काळ उलटल्यावर. आणि कसा आला? लिपी शिकून, व्याकरण शिकून, भांडाराच्या विश्वस्तांची परवानगी घेऊन. त्याने पोथी नेली नाही. छापील ग्रंथ परत दिला, आणि ज्या ग्रंथमालेत तो निघाला तिला नाव दिलं कारंजाचं. असा पाहुणा आला तर मी ढेलजेत उभा राहून त्याचं स्वागत करीन. तू ज्यांना बोलावतेस ते असे असतील का?

प्रवासी : नसतील. बहुतेक नसतील, आणि तशी अट घालणं मला अन्यायाचं वाटतं. मी रोंडाला गेले ती काय शिकून गेले होते? मला स्पॅनिश येत नाही. अंदालुसियाचा इतिहास मी विमानात वाचला. मी पुलावर उभी राहिले, खाली पाहिलं, घरमालकिणीने दिलेली भाकरी खाल्ली, तिच्याशी खुणांनी बोलले. तिने मला तिच्या छताची एक कडी दाखवली, मधोमध लोखंडी पट्टी ठोकून सावरलेली, आणि दोन्ही हात पसरून सांगितलं की फार खर्च आला. त्या क्षणी मला आपल्या माडीची तुळई दिसली. तोवर मी आपल्या घरात वर मान करून पाहिलंच नव्हतं. मी त्या गावाला पैशाखेरीज काही दिलं नाही, हे मान्य. पण तिथून आल्यावर मला कारंजा दिसायला लागलं. उथळ पाहुण्याच्या हातूनही एखादं काम होतं, ते त्याच्या स्वतःच्या गावात होतं, म्हणून यजमान गावाच्या वहीत ते कधी चढत नाही. छत्रपती संभाजीनगरचा, इचलकरंजीचा, केरळातला कोणी इथे येऊन तुमची ओसरी बघेल आणि आपल्या गावी जाऊन आपलं छत बघेल. हे तुम्हाला क्षुल्लक वाटतं?

रहिवासी : नाही वाटत. हा मुद्दा तू आधीच मांडायला हवा होतास, इतर सगळ्यांपेक्षा तो मला पटतो. मी प्रवासाच्या विरुद्ध नाही. माझी भीती वेगळ्या जागी आहे. पाच खोल्या ठीक. पाहुणे चांगले, पैसे वेळेवर, वाड्यांवर माती पडू लागली. मग शेजारचा म्हणेल, माझीही खोली घ्या. घ्यावीच लागेल, त्याचं छतही गळतंय. मग बोळात गाडी यावी म्हणून ओटे तोडा. मग जी भाडेकरू कुटुंबं वाड्याच्या मागच्या खोल्यांत थोडक्या पैशांत राहताहेत, शिलाई करतात, पापड लाटतात, हातगाडी चालवतात, त्यांना निघायला सांगतील, कारण त्याच खोलीचे पाहुणा एका रात्रीत महिन्याचे पैसे देतो. वाडा वाचेल. वाड्यातली निम्मी माणसं जातील. चिवितात भूकंपाने जे केलं ते इथे भाड्याने होईल. त्या वेळी 'आता बास' असं म्हणण्याचा अधिकार कोणाकडे असेल, हे मला आज हवं. वेस बंद करण्याची सोय जुन्या गावाला होती. तुझ्या गावाला ती आहे का?

प्रवासी : करता येईल. नगरपरिषदेने आधी वाड्यांची यादी करावी, कोणत्या घरात किती लोक राहतात यासकट. राज्याचा १९६० चा पुरातत्त्व कायदा संरक्षित स्मारकांपुरता आहे, राहती घरं त्यात सहसा येत नाहीत, म्हणून ही यादी गावानेच करायची. एका गल्लीत किती खोल्या द्यायच्या याला मर्यादा. घरात मालक किंवा जुना भाडेकरू राहत असेल तरच परवाना. येणाऱ्या पैशातला ठरावीक वाटा छतांच्या दुरुस्तीच्या निधीत, आणि तो निधी ज्याच्याकडे पाहुणा येत नाही त्याच्याही छतासाठी. माती टाकणाऱ्या कारागिराच्या हाताखाली दोन मुलं, त्यांचा पगार त्याच निधीतून.

रहिवासी : चांगलं आहे. मी यावर सही करीन. पण माझ्या सहीने काय होतं? मर्यादा वाढवायची की नाही, यावर हिस्सेदारांचं मत घेतलं तर पुण्याचा म्हणेल वाढवा, नागपूरचा म्हणेल वाढवा. ते चुकीचे नाहीत, त्यांचाही हक्क आहे, त्यांच्याही आजोबांनी हे बांधलं. इथे राहणारे आम्ही दोघं-तिघं आणि मागच्या खोल्यांतली भाडेकरू मंडळी. त्यांचं तर कागदावर नावच नाही. मत मोजायचं तर कोणाचं मोजशील?

प्रवासी : जो राहतो त्याचं जास्त धरावं, असं माझं मन सांगतं. पण तसं म्हणताना मला माझाच हिस्सा दिसतो. मी इथे राहत नाही. येते, बघते, हळहळते, जाते. तरी त्या घरावरचं माझं नाव काढा असं कोणी म्हटलं तर मी कोर्टात जाईन. माझं बालपण त्या चौकात गेलंय. मी पाहुणी आहे की घरची, हे मला ठरवता येत नाही. तुमच्या नियमात माझ्यासारख्यांचं मत किती धरणार ते सांगा, मग मी त्या मर्यादेचा आकडा सांगते.

रहिवासी : आणि मागच्या खोलीतल्या बाईंचं मत तुझ्यापेक्षा जास्त धरलं तर?

प्रवासी : तर मला राग येईल. आणि त्यांना विचारल्याशिवाय ही योजना पुढे नेऊ नये, असंही मला वाटतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. यातून नियम कसा काढायचा, ते मला रोंडात कोणी सांगितलं नाही.